उघाडीवरच्या दोन काठ्या

काळूरामच्या मुलीनं सासर सोडलं, त्याला आता वर्ष होऊन गेलं. सासर सोडलेली मुलगी माहेरी येते, अशी आपल्याकडची समजूत आहे. प्राप्ती माहेरी आली नाही. ती पनवेलला मैत्रिणीच्या खोलीवर गेली, तिथल्याच एका लॅबमध्ये नोकरीला लागली, आणि आता आईला अधूनमधून फोन करते. बापाशीही बोलते. जेवलात का, गोळ्या घेतल्या का, तिकडं पाऊस आहे का, एवढं विचारते. घरी कधी येतेस म्हटलं की "बघते" म्हणते. गावात कुणी चौकशी केली तर काळूराम सांगतो, "ड्युटी असते तिला." ऐकणारा मान डोलावतो आणि विषय संपतो. काळूरामच्या मनातून मात्र तो संपत नव्हता. पोरीवर वेळ आली होती, माहेर एका लाँचच्या अंतरावर होतं, मग ती आपल्या दारात का आली नाही? या एका प्रश्नानं त्याची झोप उडवली होती, आणि विचारायची हिंमत काही होत नव्हती.

तसा काळूराम वाईट माणूस नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. रेवसच्या रस्त्यावरून एक फाटा खाडीकडे वळतो. तिथं एसटी थांबते कमी आणि धूळ उडवते जास्त. त्या फाट्याच्या टोकाला त्याचं गाव. आजा मिठागरावर राबला, बापानं अर्धं आयुष्य मिठात आणि अर्धं भातात घालवलं, आणि काळूरामनं ट्रक धरला. वाळू, विटा, कोळसा, पत्रे, मिळेल ते त्यानं वाहिलं. या धंद्यानं त्याला पक्कं घर दिलं, गुडघेदुखी दिली आणि एक सवय लावली. कुठलीही वस्तू हातात आली की ही लोड किती घेईल, हे तो आधी बघणार. प्लास्टिकची खुर्ची घ्यायला गेला, की तिच्यावर बसून मागे रेलायचा, पाय वर उचलायचा, आणि दुकानदाराचा जीव टांगणीला लागला की मग भाव विचारायचा. केसरनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, एकदा हौसेनं काचेचे पेले आणले. काळूरामनं एकावर नखानं टिचकी मारली आणि म्हणाला, "दिवाली तरी बघतील का ह्ये?" केसरनं ते पेले माळ्यावर टाकले, ते आजतागायत खाली उतरलेले नाहीत.

ट्रक विकल्यावर त्याचा मुक्काम उघाडीवर पडला. खाडीचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून बांध घालतात, आणि पावसाचं पाणी बाहेर सोडायला त्या बांधाला दगडी दार ठेवतात. त्या दाराला इकडे उघाडी म्हणतात. भरती फिरली की उघाडीच्या तोंडाशी बोईटासारखे बारके मासे आणि कोलंबी गोळा होते, आणि त्यांच्या मागावर जिताडा हा मोठा मासा येतो. जिताड्याचं माहात्म्य पेण-अलिबागच्या माणसाला सांगायला नको, आणि बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. साहेबाकडे काम अडलेलं असो, व्याह्याचा मान असो, जावई पहिल्यांदा जेवायला यायचा असो, तिथं जिताडाच लागतो. बाजारातून आणलेल्या पापलेटानं ते भागत नाही. घरच्या माणसानं खास धरून पाठवलेला जिताडा आला, की घेणाराही दोन माणसांना बोलावून दाखवतो.

काळूराम लहानपणी बांबूच्या काठीनं गरवायचा, म्हणजे गळ टाकून मासे धरायचा. पुढे एकदा मुंबईहून येताना भाऊच्या धक्क्याजवळच्या दुकानातून त्यानं फायबरची काठी आणली. काठी कसली, वासाच तो. पावसाळ्यात केसर तिच्यावर गोधड्या वाळत घालायची. मे महिन्यात कैऱ्या पाडायला तीच लागायची. उघाडीत पडलेली शेजाऱ्याची शेळी एकदा त्यानं ह्याच काठीनं रेटत काठाला आणली होती. ही गोष्ट तो इतक्यांदा सांगायचा की दर खेपेला शेळी थोडी मोठी होत गेली, आणि मला वाटतं अलीकडे तिचा पाडा झाला असावा. काठीला मात्र ओरखडाही नव्हता. "माल असा पायजे," तो म्हणायचा, "आपुन मेलो तरी त्यो ऱ्हायला पायजे."

प्राप्ती त्याची एकुलती एक. शाळेत होती तेव्हापासून बापाबरोबर उघाडीवर यायची. गावातल्या बायका खाडीत कालवं काढतात, चिंबोऱ्या धरतात, पण काठी घेऊन कुणी बसत नाही. उघाडीवर रोजचे बसणारे धर्माजी नावाचे एक म्हातारे होते, ते पोरीला बघून मोठ्यानं खाकरायचे. काळूराम त्यांना ऐकवायचा, "तुमचा नातू मोबाईल घेऊन बसतो, माझी पोर काठी घेऊन बसते. कोन बरा, सांगा?" धर्माजी आपला दोरा गुंडाळायला लागायचे. काळूरामला पोरीचा फार अभिमान होता. तो त्यानं तिला कधी बोलून दाखवला नाही, ते सोडा.

पेणला लॅबमध्ये नोकरी लागली तेव्हा पहिल्या पगारातून प्राप्तीनं आईला साडी घेतली आणि स्वतःला कार्बनची काठी. चुलतभाऊ निकेतनं मोबाईलवरून मागवून दिली. खोक्यातून बाहेर काढली तर बुडाशी अंगठ्याएवढी आणि शेंड्याला गवताच्या काडीएवढी. हातात घेतली की हातात काही आहे की नाही अशी शंका यावी.

"ही काठी हाय का अगरबत्ती?" काळूराम म्हणाला.

"बाबा, धरून तर बघा."

"नको. खोकला आला तर मोडंल."

तिथून बाप-लेकीचा जो वाद सुरू झाला तो महिनोन्‌महिने पुरला. काळूरामचं सगळंच चूक होतं असं नाही. कार्बनची काठी दगडावर आपटली किंवा गाडीच्या दारात चेमटली, की तिला बारीक चीर जाते. ती डोळ्यांना दिसत नाही, आणि पुढचा मोठा मासा लागला की काठी नेमकी तिथंच तुटते. शिवाय बांबूवर शिकलेल्या माणसांना एक खोड असते. मासा काठाशी आला की काठी डोक्यावर सरळ उभी करायची आणि मासा भिरकावून बांधावर घ्यायचा. खाली वाकून जाळीत घेणं त्यांना कमीपणाचं वाटतं. बांबू ते सोसतो, फायबरला तर त्याचं काहीच वाटत नाही. कार्बन उभी धरली की सगळा भार शेंड्यावर येतो आणि शेंडा जातो. हे प्राप्तीनंच त्याला पहिल्या दिवशी सांगितलं होतं, आणि काळूरामनं तेच उचलून तिच्याविरुद्ध वापरलं.

"म्हंजे मासा धरायची काठी, पन मासा उचलायचा न्हाय. चांगला हाय."

प्राप्तीचं म्हणणं वेगळं होतं. जिताडा काही आमिषावर झडप घालत नाही. तो तोंड उघडतो, पाण्याबरोबर कोलंबी आत ओढतो, आणि काही खटकलं की लगेच थुंकतो. तेवढ्या वेळात दोऱ्याला एक बारीक टिचकी बसते. ती टिचकी कळली आणि त्याच क्षणी हिसका दिला, तर मासा आपला. कार्बनमधून ती थेट तळहाताला कळते. फायबर ती स्वतःच पिऊन टाकतं. फायबरवाल्याला मासा लागल्याचं कळतं ते मासा गळ गिळून पळायला लागल्यावर.

"तुमची काठी मजबूत हाय बाबा, पण बहिरी हाय."

"मना काय तिच्याशी गप्पा मारायच्यात?"

एकदा तर तिनं डोळे मिटून दाखवलं. उघाडीवर बसल्या बसल्या सांगायला लागली, "आला... तोंड लावलं... सोडलं. परत येतोय बघा." काळूराम तिच्या तोंडाकडे बघत राहिला. तिनं हिसका दिला आणि खरोखरच हातभर जिताडा लागला. धर्माजींनीसुद्धा खाकरायचं विसरून "वा गो बाय" म्हटलं. काळूरामनं एवढंच म्हटलं, "नशीब हाय तुझा." घरी जाऊन मात्र केसरला त्यानं सगळी हकीकत रंगवून सांगितली.

पुढे लग्नाचं निघालं. स्थळ उरणकडचं, मुलाचं नाव हर्षद. बंदरावर स्वतःचे ट्रेलर, चार भाऊ एकत्र, दोन मजली घर. घरात शिरताना काळूरामनं ओट्यावरच्या खांबावर थाप मारून बघितली, असं केसर अजून सांगते. येताना लाँचमध्ये प्राप्ती म्हणाली, "बाबा, ती माणसं आपसांत बोलतच नव्हती फारशी."

"बोलून पोट भरता का? घर बघितलास का कसा हाय? शंभर वर्सं हलनार न्हाय."

त्यावर ती काही बोलली नाही. काळूरामनं ते होकारात धरलं.

त्या घरात मारझोड नव्हती, निदान सुरुवातीला. त्या घराची शिक्षा वेगळी होती. कालवण खारट झालं, माहेरी फोन लांबला, नोकरीचा विषय पुन्हा काढला, की सगळं घर तिच्याशी बोलणं बंद करायचं. सासू, जावा, दीर, आणि त्यांच्याबरोबर हर्षदही. पंगतीला तिचं ताट मांडायचं नाही, तिनं विचारलेल्याला उत्तर द्यायचं नाही, ती खोलीत आली की टीव्हीचा आवाज वाढवायचा. कधी दोन दिवस, कधी पंधरवडा. कशानं सुरू झालं ते सांगत नसत, आणि कधी संपेल हेही कळत नसे. हे सगळं काळूरामला फार नंतर कळलं, केसरकडून. तेव्हा त्याला एवढंच दिसत होतं की लेकीच्या अंगावर सोनं आहे आणि जावई स्वतःची गाडी चालवतो.

लग्नाला दीडेक वर्ष झालं असेल. दिवाळी होऊन गेली होती आणि शेतात भात कापून पडला होता. प्राप्ती एकटीच दारात उभी राहिली. हातात छोटी पिशवी.

"दिराचा साखरपुडा हाय," ती म्हणाली, "सासूबाईंना जिताडा पायजे. म्हटलं मी जाऊन आणते. मिळाला की जाते."

काळूरामची छाती फुगली. व्याह्यांनी जिताडा मागावा हा मान, आणि लेकीनं तो माहेरून न्यावा हा दुप्पट मान. अशी मागणी आली की लेक रिकाम्या हातानं पाठवायची नसते, मासा मिळेपर्यंत तिला ठेवून घ्यायची असते. ही रीत सगळ्यांना माहीत आहे, प्राप्तीलाही होती. दुसऱ्या दिवशी बाप-लेक उघाडीवर जाऊन बसले, त्याच्या हातात फायबर, तिच्या हातात कार्बन. काळूरामला वाटलं, जुने दिवस परत आले.

जिताडा काही मिळेना. भरती आली, गेली, पुन्हा आली. काळूरामच्या गळाला खरबे लागले, एक वाम लागली, असले किरकोळ मासे. प्राप्तीच्या गळाला तेवढंही नाही. मधूनमधून ती दोरा गुंडाळून बघायची, कोलंबी गेलेली असायची, ती मुकाट्यानं दुसरी लावायची.

"चिंबोरीनं खाल्ली असंल," काळूराम म्हणायचा.

"असंल," ती म्हणायची.

"तुझी अगरबत्ती विझली वाटतं."

त्यावर ती हसायची. खरं तर त्या दिवसांत ती बरीच हसली. घरी गेली की आईपुढे केस सोडून बसायची, केसर तेल घालायची. भाकरी आणि सुकटीची चटणी मागून मागून खायची. दुपारी अशी झोपायची की हाक मारली तरी ओ द्यायची नाही. आली तेव्हा ओढलेला चेहरा जरा भरला. केसर म्हणाली, "राहू दे ना पोरीला आनखी चार दिवस. मासा काय, मिळंल तवा मिळंल."

"तिकडं साखरपुडा हाय. व्याही काय म्हनतील? एक मासा धरता येत न्हाय याला?"

आणि मग काळूराम इरेला पेटला. निकेतला मोटारसायकलवर पाठवून त्यानं जिवंत कोलंबी मागवली. रोजची जागा सोडून, गुडघे दुखत असताना, उघाडीच्या पलीकडच्या शेवाळलेल्या दगडांवर जाऊन बसला. दोन्ही भरत्या साधल्या. आयुष्यात त्यानं कुठल्या भाड्यासाठी एवढी मेहनत घेतली नसेल. शेवटी पाणी ओसरायला लागलं होतं आणि त्याची काठी खाली वाकली ती वाकलीच. मासा तळाला बसला, मग सुटला, मग पुन्हा बसला. फायबर कमानीसारखं वाकलं आणि तसूभर हटलं नाही. काळूरामनं काठी डोक्यावर उभी केली आणि एवढा थोरला जिताडा बांधावर आदळला.

"बघ!" तो ओरडला. "बहिऱ्या काठीनं आनला! तुझ्या कार्बननं काय केला, सांग?"

धर्माजी लगबगीनं उठून बघायला आले. प्राप्ती आपल्या जागेवरून हळूहळू आली. माशाकडे बघत उभी राहिली.

"मोठा हाय," ती म्हणाली.

"मग! आता सासूच्या म्होरं मान ताठ ठेवून जा."

"बाबा, उद्या गेले तर?"

"उद्याला मासा शिला व्हईल ना बाय. आता निघालीस तर लाँच भेटंल."

बर्फ आणला, थर्माकोलचा खोका आणला, मासा त्यात नीट ठेवला. काळूरामनं तिला स्वतः रेवसच्या धक्क्यावर सोडली. करंजाच्या, म्हणजे उरणकडे जाणाऱ्या लाँचमध्ये ती मांडीवर खोका घेऊन बसली, आणि लाँच निघाली तेव्हा तिनं हात वर केला. काळूराम धक्क्यावर ओळखीच्या तिघा-चौघांना सांगत सुटला की व्याह्यांकडे जिताडा गेला, केवढा, तर एवढा.

त्यानंतर होळीच्या सुमाराला व्याह्यांचा फोन आला. तुमची मुलगी दुपारी न सांगता घरातून निघून गेली, आमची अब्रू गेली, वगैरे. प्राप्ती पनवेलला कल्पिता नावाच्या मैत्रिणीकडे पोचली होती. लॅबच्या कोर्सला दोघी बरोबर होत्या. हर्षदनं तिच्यावर हात उचलला, त्याच दिवशी ती निघाली. केसर रडत रडत पनवेलला जाऊन आली आणि तिनं सगळं सांगितलं. काळूराम संतापानं लाल झाला, उरणला जाऊन व्याह्याला चार शब्द सुनावून आला. त्याचा उपयोग काही झाला नाही. पोरीला त्यानं फोनवर सांगितलं, "घरी ये, बाय." ती म्हणाली, "बघते."

असे कितीतरी महिने गेले. पाऊस येऊन गेला. फायबरच्या काठीला काही झालं नाही, तिला काही होतच नाही, पण तिचं रीळ गंजून अडकलं म्हणून काळूरामनं ते पेणला दुरुस्तीला दिलं. रिकामं बसणं त्याच्या स्वभावात नाही. दाराआड प्राप्तीची कार्बनची काठी तशीच उभी होती. केसर म्हणाली, "घ्या की ती. मोडाल तेवढी नका." त्यानं घेतली.

उघाडीवर बसून त्यानं गळ टाकला आणि पहिल्यांदा तो दचकलाच. गळाला लावलेली कोलंबी पाय झाडत होती, ते त्याला हाताला कळत होतं. दोऱ्याला वजनासाठी बांधलेलं शिसं वाळूवरून सरकलं ते कळलं, एका दगडाला घासलं ते कळलं. एवढी वर्षं ज्या पाण्यात तो गळ टाकत होता, त्याच्या तळाशी काय काय चालतं हे त्याला आज समजत होतं. मग तळहाताला टिचकी बसली. अगदी स्पष्ट. कुणीतरी बोटानं हळूच हात लावून बोलवावं तशी. जिताड्यानं कोलंबी तोंडात घेतली आणि थुंकली. थोड्या वेळानं पुन्हा टिचकी. काळूराम हसला. "खरा बोलत व्हती पोर," तो धर्माजींना म्हणाला. "डोले मिटून पन कलंल."

आणि हे म्हणता म्हणताच त्याचं हसू थांबलं.

डोळे मिटून कळत होतं, तर मग त्या दिवाळीनंतर तिच्या गळाला एकही मासा का लागला नव्हता? मासे होते. त्याच्या काठीला आला तो एवढा मोठा. आणि तिची कोलंबी पुन्हा पुन्हा जात होती. चिंबोरी कोलंबी कुरतडते, अर्धी ठेवते. तिच्या गळावर तर काहीच उरत नव्हतं. हे त्याला माहीत होतं. खाडीकाठच्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. तेव्हा त्याच्या लक्षात आलं नाही, कारण त्याला अगरबत्तीची थट्टा करायची होती. आता त्याला आठवलं, तिचं बोट दोऱ्यावर असायचं आणि मधूनच ते बोट किंचित उडायचं. मग ती खाडीच्या पलीकडे बघत बसायची. हिसका द्यायची नाही. जरा वेळानं रिकामा गळ वर घ्यायची आणि नवी कोलंबी लावायची.

मिळाला की जाते, असं ती पहिल्याच दिवशी सांगून बसली होती. म्हणून ती मासा मिळू देत नव्हती. आणि आपण शेवाळावर गुडघे फोडून घेतले, भरत्या साधल्या, आणि तो मासा धरून तिच्या मांडीवर ठेवला.

त्याच वेळी काठीला जोराची ओढ लागली. चांगला मोठा मासा होता. डोकं ठिकाणावर नव्हतं, हात मात्र जन्मभर जे करत आले तेच करत गेले. मासा काठाशी आला, काळूरामनं काठी डोक्यावर सरळ उभी केली, आणि फटाका वाजावा तसा आवाज झाला. शेंडा तुटून दोऱ्याबरोबर पाण्यात गेला. मासाही गेला.

"मोडली?" धर्माजी म्हणाले. "मी सांगत व्हतो. त्या काठ्यांत दम न्हाय."

"दम व्हता," काळूराम म्हणाला. त्याचा आवाज इतका बदलला होता की धर्माजींनी वळून बघितलं. तो बांधावर बसून रडत होता. एवढा मोठा माणूस एका काठीसाठी रडतो, असं धर्माजी पुढे गावभर सांगत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळची एसटी पकडून काळूराम पनवेलला गेला. केसरनं तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकट बांधून दिली. का चाललात ते तिनं विचारलं नाही. खोलीवर प्राप्ती एकटीच होती, तिला सुट्टी होती आणि कल्पिता कामावर गेली होती. एक कॉट, एक गादी, खिडकीत तुळशीची कुंडी, भिंतीवर दोन ड्रेस. प्राप्तीनं बापाला बघून आधी विचारलं, "आई बरी हाय ना?" मग पाणी दिलं, चहा ठेवला. तिची तब्येत चांगली होती. केस कापलेले होते. तिला ते शोभत होते, पण काळूरामला ते म्हणता आलं नाही.

"तुझी काठी मोडली," तो म्हणाला. "माझ्या हातानं."

"उभी धरलीत ना?" ती जराशी हसली. "असू दे बाबा. मी कुठं वापरते आता."

ती पातेल्यात साखर टाकत होती.

"तुना कलत व्हता ना?" तो म्हणाला. "त्या टायमाला. मासा लागत व्हता, त्यो तुना कलत व्हता."

तिनं गॅस बारीक केला. त्याच्याकडे वळली नाही.

"हो," ती म्हणाली.

"मंग बोलली का न्हाईस? एक शबुद बोलली असतीस तरी..."

"बोलले होते की. उद्या गेले तर, असं विचारलं होतं."

काळूरामला ते आठवत होतं. शिळ्या माशाचं आपण दिलेलं उत्तरही आठवत होतं. त्याला वाटलं, आता विचारलं नाही तर परत कधीच विचारता येणार नाही.

"आनि त्या घरातून निंगालीस, तवा तरी घरी का न्हाय आलीस, बाय? आपला दार काय बंद व्हता?"

प्राप्तीनं चहा गाळला. कप त्याच्यासमोर ठेवला, त्याला आवडतो तशी बशीही ठेवली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर त्याला बरं वाटलं असतं, रागाला काहीतरी उत्तर देता येतं.

"घरी आले असते," ती म्हणाली, "तर तुम्ही अजून एक मासा धरला असता, बाबा."

काळूरामनं नाही म्हणायला तोंड उघडलं. पण पोरीशी खोटं बोलायची त्याला सवय नाही. धरला असता. दोन दिवस ठेवून घेतली असती, व्याह्याला फोन केला असता, चार मोठी माणसं मध्ये घातली असती, आणि आधीच्यापेक्षा मोठा मासा बर्फात घालून तिला लाँचवर नेऊन बसवलं असतं. आणि धक्क्यावर उभा राहून लोकांना सांगितलं असतं, केवढा, तर एवढा. त्यानं तोंड मिटलं. प्राप्ती खिडकीशी जाऊन कुंडीतली पिकली पानं काढायला लागली, आणि तो चहाकडे बघत बसून राहिला.